चांद चुकवायला हलवलेली खाट

हिरासिंगनं बायकोची खाट फक्त वीस पावलं हलवली. ना शेत विकलं, ना कोणाशी भांडला. तरी झरी जामणीकडच्या त्या तांड्यात अजून कोणी खाट उचलली, की लोक आधी हिरासिंगकडे बघतात.

त्याचं असं झालं, की भादव्यातल्या पुनवेला बिजलीबाईला हुडहुडी भरून ताप आला. ती अंगणात निजायची, तोंडावर चांदणं घेऊन. हिरासिंगनं तिथल्या तिथं निदान केलं, चांद लागला. (त्यानं आजवर चार बैलांची दुखणी अशीच ओळखली होती. त्यातले दोन अजून जिवंत होते.)

मग दिवसाआड ताप येऊ लागला, तोही भर दुपारी.

"आता कुठं हाय चांद?" बिजलीबाईनं कुडकुडत विचारलं.

"अंगात मुरला हाय. तो का घड्याळ पाहून येते?"

हिरासिंगनं खाट गोठ्यामागच्या अंधाऱ्या पडवीत नेली. तिथं चांदणं काय, वारासुद्धा शिरत नव्हता. शेजारीच बैलांच्या पाण्याचा हौद होता आणि त्यावर मच्छरांचा ढग. (मच्छरांना चांद लागत नसावा.)

बिजलीबाई सुकत चालली. दंडातल्या पांढऱ्या बांगड्या कोपराखाली घसरल्या. हुडहुडी भरली, की त्या एकमेकींवर आपटून खडखडत.

दर पंधरा दिवसांनी मलेरियावाला नरहरबाबू सायकलवर यायचा. ताप असेल त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायचा आणि भिंतीवर तारीख लिहून जायचा. या खेपेला तो नेमका अवसेला आला. अवसेच्या दिवशी घरातलं रक्त बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे हिरासिंगच्या आईनं त्याला शिकवलं होतं.

"ताप कोणाले हाय?"

"कोणालेच नाही, बाबू."

गोठ्यामागून खडखडाट आला.

"हे काय वाजून राह्यलं?"

"बायको चटणी वाटून राह्यली."

"एवढी? कोणाचं लगन हाय का?"

"तिले तिखट लय लागते."

नरहरबाबूनं तारीख लिहिली आणि सायकल वळवली. आपण बायकोला वाचवलं, म्हणून हिरासिंग त्या दिवशी एक भाकर जास्त जेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बिजलीबाईचे डोळे उघडे होते, पण ती नवऱ्याला ओळखेना. बांगड्या वाजत नव्हत्या. त्या शांततेला मात्र हिरासिंग घाबरला. त्यानं गाडी जुंपली आणि वणीच्या वाटेनं बैल पळवले. वाटभर तो बैलांना शिव्या देत होता आणि रडत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचली.

"झोपते कुठं ही?"

"गोठ्यामागं, हौदापाशी. चांद लागू नये म्हणून."

डॉक्टर म्हणाले, "हा ताप मच्छर देतात. तुम्ही तिला त्यांच्याच घरी नेऊन निजवलं. आता वाचली तर नशीब."

नऊ दिवस हिरासिंग दवाखान्याच्या ओट्यावर बसून होता. कोणी तिथी विचारली, तरी तो मान फिरवायचा. दहाव्या दिवशी बिजलीबाईनं पाणी मागितलं. केस झडले होते, आवाज काडीएवढा उरला होता. हिरासिंगनं लोटा तिच्या तोंडाला लावला.

"चुकलं माझं, बिजली. मी उगाच त्या चांदाले दोष देत बसलो."

तिनं दोन घोट घेतले, दम खाल्ला.

"चांद बिचारा लय दूर होता," ती म्हणाली. "जवळ तं तूच होता."