खांबेटेकाका फॉर्म भरतात

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक रजिस्टर असतं. त्यात 'भेटीचा उद्देश' असा रकाना आहे. सगळे तिथे 'मिलना' लिहून मोकळे होतात. समोरच्या सोसायटीतले खांबेटेकाका मात्र लिहितात, 'वाटीभर साखर मागणे. शिवाय गप्पा, अंदाजे वीस मिनिटे. चहा विचारल्यास पस्तीस.'

"अंकलजी, बस 'मिलना' लिख दो ना," गार्डभैया काकुळतीला येतो. मागे कुरियरवाले खोळंबलेले असतात.

"और शक्कर? वो छुपाऊँ क्या?" काका विचारतात.

काका मूळचे चिपळूणचे. विमा कंपनीत दावे तपासण्यात जन्म गेला. बदलीवर जयपूरला आले आणि वैशाली नगरात घर घेऊन इथलेच झाले. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. बँकेच्या बदलीवर मी इथे आले ती त्यानंतर, त्यामुळे मी त्यांना हार घातलेल्या फोटोतच पाहिलंय. काका आता एकटेच असतात. शर्टाचं वरचं बटण कायम उघडं, खिशाला दोन पेनं आणि तोंडी एकच वाक्य: "फॉर्मवर खोटं लिहायचं नाही."

निवृत्तीनंतर त्यांनी व्हिडिओंचा चॅनेल काढला. जयपुरात वाढणाऱ्या मराठी पोरांची भाषा सुधारावी म्हणून. एक वस्तू हातात घ्यायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. पळीवर ते चौदा मिनिटं बोललेत. माझ्या लेकीने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "आई, मतलब चमचाच आहे ना तो?" त्या व्हिडिओला बघणारे अकरा. त्यात दोनदा मी.

मे महिन्यात एका दुपारी ते घामाघूम होऊन आले. रजिस्टरात काय लिहिलं होतं ते मी नंतर पाहिलं: 'तातडीचे. साखर नको.'

"कॉमेंट्स गेल्या!" दारातूनच म्हणाले.

झालं होतं असं, की त्या व्हिडिओवाल्यांनी काकांच्या खात्याला अटकाव केला होता. चॅनेल मुलांसाठी आहे की नाही ते सांगा, तोवर नवा व्हिडिओ टाकता येणार नाही. आपण अशा वेळी हाताला लागेल ते दाबतो. काकांनी सगळे नियम वाचले, वहीत उतरवून घेतले आणि 'होय' केलं. आता मुलांच्या व्हिडिओखाली कॉमेंट चालत नाही म्हणे. नव्या बंद झाल्याच, जुन्याही दिसेनाशा झाल्या.

"जुन्याही जातील असं कुठे लिहिलं होतं? दाखव मला!"

"काका, उत्तर बदलून 'नाही' करा. एका मिनिटाचं काम."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच कुणाची तरी पॉलिसी चोरली असावी. "अगं, खोटं उत्तर दिलं म्हणून मी लोकांचे दावे नाकारलेत. आणि आता स्वतःची वेळ आली तर 'नाही' लिहू?"

मग अर्ज सुरू झाले. 'महोदय, विषयांकित प्रकरणी' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. तिकडून दरवेळी तेच छापील उत्तर. आठवडाभर काका रोज येत होते, आणि रोज थोडे बारीक दिसत होते.

मी मुळात भोचक. मला राहवेना. अकरा माणसं बघणार, त्यातून लिहिणार कोण? आणि त्या चार ओळींसाठी हा माणूस जेवणं का टाकतोय?

शेवटी विचारलंच. "काका, होतं काय हो एवढं त्या कॉमेंट्समध्ये?"

ते पंख्याकडे बघत पाठ म्हटल्यासारखे सांगू लागले. "पळीखाली होतं, 'आमटी खोळंबली आहे, पळी आणून द्या.' अडकित्त्याखाली, 'पंखा बंद करा, काही ऐकू येत नाही.' विळीखाली, 'पुरे आता. पानं घेतली आहेत.'"



"तुझी काकू स्वयंपाकघरातून लिहायची," काका म्हणाले. "तोंडाने सांगितलेलं मी ऐकत नाही. पण लिहिलेलं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं."

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पदराने पुसलं. मग मी म्हटलं, "काका, फॉर्मवर खोटं लिहू नका. पण खरं सांगा, ते जुने व्हिडिओ मुलं बघायची?"

"मुलं कसली बघतायत!"

"मग तुम्ही ते करत कोणासाठी होतात?"

काकांनी चष्मा पुसला. माझ्या लॅपटॉपवर तो प्रश्न पुन्हा उघडायला लावला आणि दोनदा वाचला. 'हा व्हिडिओ मुलांसाठी बनवला आहे का?'

"सुरुवात मुलांसाठीच केली होती," ते सावकाश म्हणाले. "पण पहिल्याच व्हिडिओखाली तिचं आलं. मग मी वाट बघायला लागलो... आज काय लिहिते म्हणून."

प्रत्येक व्हिडिओचं उत्तर वेगळं देता येत होतं. काकू गेल्यानंतरच्या व्हिडिओंना त्यांनी हात लावला नाही. ते मुलांसाठीच राहिले. आधीच्या एकेका व्हिडिओला मात्र स्वतःच्या बोटाने, तारीख तपासून, 'नाही' केलं. तासभर लागला. चहा दोनदा झाला.

मग पळीचा व्हिडिओ उघडला. खाली आमटी खोळंबलेली होती. काकांना हसू आलं. एकेक करत ते अगदी पहिल्या व्हिडिओपर्यंत गेले. त्याच्याखाली एकच ओळ होती.

'छान दिसताय. पण वरचं बटण लावा.'

काकांनी ती वाचली, दोनदा वाचली. बाहेर जयपूरचं ऊन नुसतं भाजत होतं आणि आमचा कूलर बंद पडलेला होता. त्यांनी हात गळ्याशी नेला आणि वरचं बटण लावलं.