घर परवडत नसल्याचं पत्र

परळच्या आमच्या इमारतीच्या फाटकावर 'परवडणारी भाड्याची घरे' अशी पाटी होती. एक एप्रिलला सकाळी रंगारी आला आणि पहिल्या शब्दावर पांढरा रंग मारून गेला.

अशी घरं बांधणाऱ्या बिल्डरला सरकार करसवलत देत असे. ती एकतीस मार्चला संपली. आमचा अकरा महिन्यांचा करारही त्याच आठवड्यात संपत होता, आणि शनिवारी सुरुचीच्या बालवाडीचा फॉर्म भरायचा होता. पत्त्याचा पुरावा हवा. मी तिला कडेवर घेऊन तळमजल्यावरचं ऑफिस गाठलं.

"घाबरायचं काही नाही, मॅडम," मॅनेजर विकास सर म्हणाले. "घर तेच, भिंती त्याच, गळका नळही तोच. फक्त ते आता परवडणारं राहिलेलं नाही."

"म्हणजे भाडं वाढलं?"

"छे! व्याख्या संपली. घर ज्याला परवडतं तो लाभार्थी, आणि लाभार्थ्यांची योजना बंद. तुम्ही 'हे घर आम्हाला परवडत नाही' एवढं लिहून द्या, नवा करार करू."

मी लिहून दिलं. नवऱ्याची सहीही आणली. विकास सरांनी शिक्का मारला, मग कागद पुन्हा वाचला.

"अहो, परवडत नाही? मग अशा माणसाला घर द्यायचं कसं?"

"पण तुम्हीच सांगितलंत ना लिहायला!"

"सांगितलं मी. लिहिलंत तुम्ही."

दुपारपर्यंत आमच्या मजल्यावरचे सगळे अर्ज याच कारणाने नामंजूर झाले. संध्याकाळी जिन्यात बसून मी सरकारला निवेदन लिहिलं: 'शहरात घरं रिकामी पडून आहेत आणि माणसं घर शोधत फिरताहेत, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.' 'लाजिरवाणी'खाली दोन रेघा मारल्या. सगळ्यांनी सह्या केल्या.

शनिवारी शाळेत मात्र मी घोडपदेवचा पत्ता दिला. तिथे सासऱ्यांची खोली आहे, लाइटबिल त्यांच्याच नावावर येतं. संडास सामाईक म्हणून आम्ही तिथे राहत नाही, आणि रिडेव्हलपमेंट येणार म्हणून कोणाला ठेवत नाही. सहा वर्षं तिथे फक्त आमचा पत्ता राहतोय.

रांगेत माझ्या मागे शेजारची दर्शना होती, ध्रुवचा हात धरून. तिने माझा फॉर्म वाचला.

"अनुजा, ही खोली रिकामीच आहे ना गं? आम्हाला दे ना भाड्याने. सामाईक संडास चालेल."

"दिली असती गं," मी म्हटलं, "पण आधी सरकार काही सवलत देतंय का, ते तरी कळू दे."

हसू नका. तुमच्या जुडग्यातली ती गंजलेली किल्ली कुठल्या दाराची आहे?