रंग बदलणारं वाण

हळदीकुंकवाचं वाण बायकोने निवडावं आणि नवऱ्याने मागून पिशवी धरावी, ही आमच्या घरातली रीत. यंदा चैत्रात मी ती मोडली. "वाण मी आणतो," असं आपण होऊन म्हणालो आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

झालं होतं असं, की पेपरच्या पुरवणीत मी रंग बदलणाऱ्या शाईबद्दल वाचलं होतं. दूध फार गरम असेल तर बाळाच्या बाटलीवरचं चित्र रंग बदलतं, औषध तापलं तर लेबल सांगतं, वगैरे. मी तर आणखी पुढे गेलो. अंघोळीच्या बादलीला, तव्याला आणि आमच्या बँकेतल्या मोठ्या साहेबांच्या कपाळालाही ती शाई फासून पाहिली (मनातल्या मनात). बायकोला, वनमालेला, हे सगळं जेवताना सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, आधी भाजी वाढून घ्या.

तिचं लक्ष दुसरीकडे होतं. महिला मंडळाच्या अध्यक्ष विजयाबाई पद सोडणार होत्या आणि ग्वाल्हेरच्या दाना ओळीतल्या, म्हणजे दाना ओली या गल्लीतल्या आमच्याच घरी, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, नवी अध्यक्ष ठरणार होती. समोर उभी होती हरिशंकरपुरम वस्तीतली निवेदिता. तिच्याकडे एसी आहे आणि आवाजही. वनमालेने मात्र आयुष्यभर मंडळाच्या सतरंज्या घातल्या आणि उचलल्या. तिला एकदा खुर्चीत बसलेली बघायची मला खरोखर फार इच्छा होती.

खासगी बाजार नावाच्या आमच्या पेठेत मला हवं ते सापडलं. पाकिटात लालभडक टिकल्या. दुकानदार म्हणाला, "भाईसाहब, विदेशी स्याही है. गर्मी लगी कि रंग बदला." लालचा गुलाबी होईल, गुलाबीचा जांभळा, असं मी समजून चाललो. रंग बदलून नक्की कुठला होतो, हे विचारायचं राहिलं. (मला प्रश्न सुचतात, पण काम बिघडल्यावर.)

हळदीकुंकवाच्या दिवशी वनमालेने धोरण आखलं. आधी वाण, मग निवडणूक, कुंकू लावणं शेवटी. वाण हातात पडल्यावर माणसाचं मत मऊ होतं, असं तिचं म्हणणं. टिकल्या बघून बायका खूश झाल्या. विजयाबाईंनी जुनी टिकली काढून नवी लावली, मग सगळ्यांनीच लावली. कूलरच्या वाऱ्यात सगळी कपाळं लालेलाल. मी स्वयंपाकघरात पन्हं गाळता गाळता स्वतःवरच खूश होतो.

आणि लाइट गेली.

कूलर थांबला. ग्वाल्हेरचं चैत्रातलं ऊन, बंद खिडक्या आणि खोलीभर बायका. थोड्याच वेळात बाहेर एकदम शांतता पसरली. बायकांच्या घोळक्यात शांतता म्हणजे काहीतरी भयंकर, म्हणून मी पन्ह्याचं पातेलं घेऊनच बाहेर आलो.

"निवेदिता," विजयाबाई दबक्या आवाजात म्हणत होत्या, "अगं, कपाळ मोकळं."

"तुमचंपण, काकू."

बायका कपाळं चाचपू लागल्या. टिकली बोटाला लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. ऐन सणाला, भरल्या ओटीच्या वेळी, एकीच्याही कपाळावर कुंकू नाही. आमच्या लष्कर भागातले निम्मे नवरे मी एका पाकिटात संपवले होते. माझ्या बायकोचंही कपाळ कोरं. मी गुपचूप स्वतःची नाडी पाहिली.

"अहो," वनमाला म्हणाली, "काय आणलंत हे?"

तिचे डोळे भरले होते. ते मला बघवेना आणि तोंडात येईल ते बोलून गेलो. "ही मनाची टिकली आहे. राग आला की जाते. शांत झालं की परत येते."

काय सांगू, सगळ्या बायका एकदम शांत बसल्या. मंडळाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. आणि माझी पुण्याई म्हणा, तेवढ्यात लाइट आली. कूलर फिरला. आधी समोर बसलेल्या विजयाबाईंची टिकली उगवली, मग वनमालेची, मग ओळीने सगळ्यांची. निवेदिता बसली होती कोपऱ्यात, कपाटाच्या आड. तिथे वारा पोचत नाही.

"अजून राग गेला नाही वाटतं हिचा," विजयाबाई म्हणाल्या.

"मी बिलकुल रागावले नाहीये," निवेदिता कडाडली. चेहरा लाल झाला, टिकली सोडून. जितकी ती पटवायला गेली तितकी तापत गेली. जिला राग आवरत नाही ती मंडळ कसं आवरणार, असं विजयाबाईंनी ठरवलं आणि वनमाला एकमताने अध्यक्ष झाली. मला निवेदिताचं वाईट वाटलं, पण कपाट सरकवण्याइतकं नाही.

आता मंडळाच्या प्रत्येक सभेला हीच टिकली लावायची असा नियम झाला आहे. वनमाला तर घरीही तीच लावते. परवा शेजारचे गोपाळकृष्ण चहाला आले होते. कूलर जोरात चालू होता, वनमाला त्याच्या पुढ्यातच बसली होती. ती आत गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी हल्ली टिकली लावत नाहीत का हो?"

"लावते की," मी म्हटलं. "पण मी समोर असलो की टिकली जाते."