मिशीवाला आणि बिनमिशीचा

नातीने प्रश्न विचारला तेव्हा कातारी दाढी करत होता. तोंडाला फेस होता. त्याने नुसती मान हलवून 'तुला आवडेल तो घे' एवढे सुचवले असते, तरी पुढचे सगळे टळले असते. पण त्याने वस्तरा खाली ठेवला, अर्धा गाल तसाच ठेवला आणि म्हणाला, "बघून सांगतो."

हे दोन शब्द ऐकले की घरातली माणसे हातातले काम थांबवून एकमेकांकडे बघत.

कातारी म्हणजे लेथवर लाकूड कातणारा. चाळीस वर्षे त्याने टेबलांचे पाय कातले, जिन्यांचे कठडे कातले, पलंगाचे खूर कातले. शाळा चौथीपर्यंत. (चौथीत मास्तर आजारी पडले, शाळा आठवडाभर बंद राहिली. त्याच्यापुरती ती पुन्हा उघडलीच नाही.) पण वस्तू पारखावी तर त्यानेच, असा त्याचा स्वतःचा ठाम समज होता. घरात त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय काही येत नसे. बादली आणली की ती पाण्याने भरून दिवसभर खुंटीला टांगलेली असे. खुर्ची घ्यायची तर दुकानात आधी तो स्वतः बसे, मग दुकानदाराला बसवी, मग दोघे मिळून बसत. गेल्या वर्षी तो आठ दिवस बहिणीकडे गेला असताना मुलाने गुपचूप फ्रिज आणला. त्या फ्रिजमधले पाणी तो अजून पीत नव्हता.

आता प्रश्न बेसबॉलच्या व्हिडिओ गेमचा होता. घरात टीव्हीला जोडायची गेमची मशीन होती. तिच्यावर खेळायचे दोन नवे गेम पुढच्या महिन्यात येणार होते. वाढदिवसाला त्यातला एकच मिळणार, असे नातीला सांगून ठेवले होते. नात दहा वर्षांची. घरात तिला ठिणगी म्हणत, आणि ते कमीच होते. एका गेमच्या खोक्यावर भरघोस मिशीचा खेळाडू होता, दुसऱ्याच्या खोक्यावर गुळगुळीत दाढी केलेला. म्हणून घरात एक मिशीवाला ठरला, दुसरा बिनमिशीचा.

"बाबा, हे तरी तिचं तिला ठरवू द्या," मुलगा म्हणाला. "तुम्ही बेसबॉल कधी पाहिलाय का?"

"फ्रिज कधी आणला ते तरी मी कुठे पाहिलं?"

कातारीच्या बायकोने हातातला चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. हे तिचे मोठे बोलण्याआधीचे काम.

"करू दे त्यांना," ती म्हणाली. "पण हा निवाडा शेवटचा. हा बरोबर निघाला तर घरातली पुढची सगळी खरेदी त्यांना विचारून. चुकला, तर यापुढे यांना कुणी विचारायचं नाही आणि यांनी कुणाला अडवायचं नाही. कबूल?"

"कबूल," कातारी म्हणाला आणि उरलेला गाल करायला गेला. घाईत वस्तरा लागला. हनुवटीवर कापसाचा बोळा लावून तो दिवसभर हिंडला.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. सुनेचे वडील. एका कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले, आणि कोरा कागद दिसला की त्यावर रकाने आखल्याशिवाय न राहणारे. नातीचा प्रश्न त्यांच्याही कानावर गेला होता. त्यांनी मासिके वाचून मोठा तक्ता करून आणला. डाव्या बाजूला मिशीवाला, उजव्या बाजूला बिनमिशीचा, आणि खाली चित्र, आवाज, संघ, मैदाने अशी चौदा कलमे.

"एकूण गुण," व्याही म्हणाले, "मिशीवाला एकशे दोन. बिनमिशीचा एकशे अकरा."

"तुम्ही खेळलात दोन्ही?"

"अजून बाहेर कुठे आलेत, व्याहीबुवा?"

"मग गुण कसले दिलेत?"

"अपेक्षित गुण."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पोरं अजून जन्माला यायची आहेत, आणि हे दोघे कुणाचं नाक सरळ ते ठरवताहेत."

पण दोन्ही गेमची दोन-दोन मिनिटांची जाहिरात टीव्हीवर बघता येत होती. ठिणगीने ती लावली. व्याही आकाश, प्रेक्षक, गवत असे सगळे बघून टिपणे घेत होते. कातारी फक्त बॅट बघत होता. त्याने ती जाहिरात सतरा वेळा लावायला लावली. अठराव्या वेळी ठिणगीने रिमोट त्याच्या हातात दिला आणि ती जेवून आली.

"ठरलं," कातारी म्हणाला. "मिशीवाला."

"कारण?"

"मिशीवाल्यात चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागला की बॅट मोडते आणि चेंडू पायाशी पडतो. बिनमिशीच्यात मुठीजवळ लागला तरी कुंपणाबाहेर जातो. लाकूड असं वागत नाही. बिनमिशीचा खोटा आहे."

"अहो, तो खेळ आहे."

"खेळातलं झालं तरी लाकूड ते लाकूड."

व्याही हळूच हसले. "तुम्हाला मिशी आहे म्हणून मिशीवाला आवडला, असं आम्ही म्हणायचं का?"

"आणि तुम्हाला नाही म्हणून?"

सून चहा घेऊन आली होती. ती तशीच परत गेली आणि जरा वेळाने आली.

एवढ्यावर मिटले असते. पण व्याह्यांनी तक्त्यावर पंधरावे कलम लिहिले, 'लाकूड', आणि त्यापुढे दोन्हीकडे 'पुरावा नाही' असे लिहिले. कातारी ते शब्द जुळवत सावकाश वाचत होता. वाचून झाल्यावर तो उठला, शर्ट अडकवला आणि आपल्या कारखान्यात गेला.

तीन दिवस लेथ चालू होता. चौथ्या दिवशी त्याने जी बॅट आणली, तिच्यावरून व्याह्यांनीसुद्धा दोनदा हात फिरवून पाहिला. बॅट कसली, आरसाच. कातारीने तिच्या मुठीकडच्या अर्ध्या भागाला निळा खडू चोळला, जाड बाजूला लाल. पुरावा हवा ना? मग चेंडूवर कोणता रंग उमटतो ते दिसेल. निळा उमटला तर चेंडू पायाशी, लाल उमटला तर लांब. वादाला जागाच नको.

घरामागे फरसबंदी अंगण होते. एका टोकाला व्याही चेंडू घेऊन उभे राहिले, दुसऱ्या टोकाला कातारी बॅट घेऊन. व्याह्यांच्या मागे घराची खिडकी होती. ही गोष्ट फक्त बायकोच्या लक्षात आली. पायरीवर बसून ती बटणे लावत होती.

"अहो, बाजू बदला," ती म्हणाली. "मागे काच आहे."

"मुठीवर घेणार आहे," कातारी म्हणाला. "पायाशी पडेल."

"न पडला तर?"

"लाकूड मला ओळखतं."

व्याह्यांनी चेंडू टाकला. तो कातारीपर्यंत पोचलाच नाही. दुसरा डोक्यावरून गेला. तिसरा हातातून निसटून मागे बायकोच्या बटणांच्या डब्यात पडला.

"तक्त्यात नेमबाजीचं कलम आहे का हो?" कातारीने विचारले.

"आधी बॅट लागू द्या, मग बोला."

अकरा चेंडू असेच गेले. ठिणगी मोठ्याने मोजत होती. बाराव्याला मात्र चेंडू सरळ आला आणि कातारीने बॅट फिरवली. चाळीस वर्षे लेथपुढे उभे राहिलेला माणूस. हातात अजून जोर होता. चेंडू लागला. असा लागला की हाताला झिणझिण्या आल्या. मग तो व्याह्यांच्या कानाजवळून गेला, खिडकीतून आत गेला, आणि आत काहीतरी दोनदा वाजले. एकदा काच, एकदा दुसरे काही.

ते दुसरे काही म्हणजे टीव्हीखालची गेमची मशीन.

सगळ्यांत आधी ठिणगी आत धावली. तिने मशीन कानाशी धरून हलवली. आत खुळखुळा वाजत होता. तिचा ओठ पुढे आला. पण तेवढ्यात तिला कोपऱ्यात चेंडू दिसला, आणि रडणे राहूनच गेले.

"आजोबा," ती म्हणाली, "निळा."

व्याह्यांनी चष्मा लावून चेंडू फिरवून पाहिला. निळा. लालचा ठिपकासुद्धा नाही. मुठीवर लागलेला चेंडू अंगण ओलांडून, काच फोडून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला होता.

"खडू ओला असेल," कातारी म्हणाला.

"खडू कोणी आणला?"

कातारीने बोटांना लागलेली निळी भुकटी शर्टाला पुसली.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. त्याने आधी खिडकी पाहिली, मग मशीन पाहिली, मग सगळ्यांची तोंडे पाहिली. बायको काही बोलणार एवढ्यात कातारी उभा राहिला.

"मी फोडली," तो म्हणाला. "नवी मी देईन. लाकडाच्या बाबतीत चुकलो. आणि शब्द म्हणजे शब्द. यापुढे मला विचारू नका."

मुलाला रागवायचे होते. पण बाप स्वतः होऊन चुकलो म्हणतो आहे, हे त्याने जन्मात प्रथमच ऐकले. त्याला राग सापडेना. तो जेवायला बसला.

महिन्याने मुलगा, सून आणि ठिणगी खरेदीला गेले. कातारी घरी राहिला. असे आजवर घडले नव्हते. तो तासभर घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या तपासत होता, आणि त्या सगळ्या ठीक निघाल्या म्हणून आणखीच बेचैन होता. बायकोला ते बघवेना, पण ती शब्दाची पक्की होती.

तिघे परत आले. नवी मशीन आणली होती, आणि तिच्याबरोबर बिनमिशीचा.

"मिशीवाला का नाही घेतला?" कातारीने न राहवून विचारले.

"दुकानातला दादा म्हणाला, मिशीवाला अगदी खऱ्यासारखा आहे," ठिणगी म्हणाली. "मी म्हटलं, मग नको. खऱ्यासारखं खेळलं की मशीन फुटते."

कातारी वर्तमानपत्र घेऊन खोलीच्या कोपऱ्यात बसला. टीव्हीकडे पाठ करून. मागून प्रेक्षकांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. चार दिवस त्याने तिकडे तोंड वळवले नाही. पाचव्या दिवशी ठिणगी येऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"आजोबा, एक चेंडू खेळा. दुसरे आजोबा खेळले काल. बारा वेळा बाद झाले."

"किती वेळा?"

"बारा."

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. खेळायचे बटणांचे यंत्र हातात घेऊन आधी वजन पाहिले. "हलकं आहे," म्हणाला. मग कसेबसे बटण दाबले. चेंडू मुठीजवळ लागला, वर गेला, कुंपण ओलांडून दिसेनासा झाला. पडद्यावर हजारो माणसे उठून उभी राहिली.

कातारी बराच वेळ त्या माणसांकडे बघत राहिला. त्याच्यासाठी आजवर एवढी माणसे कधी उभी राहिली नव्हती.

"कसा आहे?" ठिणगीने विचारले.

"खोटा आहे," तो म्हणाला. "परत लाव."

त्यानंतर व्याही रोज दुपारी येऊ लागले. तक्ता आता फक्त धावा लिहायला वापरत.

पंधरा दिवसांनी घरात कपडे ठेवायला लाकडी कपाट घ्यायचे ठरले. बायकोने सुनेला बाजूला घेतले. "शब्द घेतला तेव्हा मी रागात होते," ती म्हणाली. "लाकडाचं काम आहे. त्यांना विचार. माणूस जरा खुलेल."

सून मोबाइलवर दोन कपाटांचे फोटो घेऊन खोलीत गेली. कातारी पलंगाच्या कडेवर पुढे झुकून बसला होता, डोळे टीव्हीवर. शेजारी व्याही आपल्या पाळीची वाट बघत होते.

"बाबा, या दोन कपाटांतलं कुठलं चांगलं? तुम्ही सांगाल ते घेऊ."

"कुठलंही घे," कातारी मान न वळवता म्हणाला. "आणि जरा बाजूला हो, चेंडू दिसत नाही."

सून बाहेर आली आणि तिने सासूला जसेच्या तसे सांगितले. बायको दारात जाऊन थोडा वेळ त्या दोघा म्हाताऱ्यांच्या पाठींकडे बघत उभी राहिली.

"हा गेम," ती म्हणाली, "तीस वर्षांपूर्वी यायला हवा होता."