चिपळूणच्या खिळ्यावरची किल्ली

मुंबईहून एखाद्याचा फोन येतो आणि तो भोळेपणानं विचारतो, ‘‘काका, तुमच्याकडे यायला सगळ्यात सोपं काय पडेल?’’ आमचे बापूभाऊजी त्याला उत्तर देत नाहीत. उलट विचारतात, ‘‘तुम्हाला भीती कशाची वाटते?’’

दोन दिवस समुद्रकिनारी लोळायचं म्हणून ज्यानं फोन केला, त्यानं यावर काय बोलावं? पण भाऊजींच्या मनात वाईट काही नसतं. बोगद्याला भिणाऱ्याला रेल्वेनं बोलावू नये आणि घाटाला भिणाऱ्याला रस्त्यानं, एवढंच त्यांचं म्हणणं.

बापूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी पंच्याहत्तरची, ते बहात्तरचे. लग्न केलं नाही. रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या रस्त्याला, खिडकीतून समुद्र दिसेल अशा बेतानं, आमच्या चार खोल्या आहेत. माझे यजमान गेल्यापासून त्या आम्ही दोघंच चालवतो. मासे, भात आणि सोलकढी माझ्याकडे. फोन आणि भीती भाऊजींकडे.

‘‘रेल्वे चांगली,’’ ते सांगतात, ‘‘पण करबुड्याचा बोगदा आहे. आत शिरलात की संपता संपत नाही. डोळे मिटून घ्या. उघडे ठेवलेत तरी तेच दिसणार.’’ झोपून यायच्या बसबद्दल त्यांचं मत फार वाईट. ‘‘आडवं होऊन प्रवास माणसानं एकदाच करायचा, आणि त्याला तिकीट लागत नाही.’’ स्वतःची गाडी असेल तर कशेडीच्या घाटापासून निवळीच्या घाटापर्यंतचं एकेक वळण ते अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याचा पाय घरबसल्या ब्रेकवर जातो. आणि विमान? ‘‘गोव्याला उतरायचं आणि तिथून उलटं वर यायचं. म्हणजे आमच्या डोक्यावरूनच जाणार तुम्ही. खाली बघून हात करा, मी अंगणात असतो.’’

एकदा एका हौशी बाईंनी विचारलं, पूर्वी मुंबईहून इकडे बोट यायची ना हो? भाऊजी म्हणाले, ‘‘राँग नंबर,’’ आणि फोन ठेवला. त्याआधी ते त्यांच्याशी वीस मिनिटं बोलत होते.

निम्मे पाहुणे इथंच गळतात. उरतात त्यांनी वाटेत सात ठिकाणांहून फोन करायचा असतो. त्यासाठी पडवीच्या भिंतीवर भाऊजींनी ओळीनं सात खिळे ठोकलेत. प्रत्येकाखाली खडूनं गावाचं नाव. पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा. पेणहून फोन आला की पाहुण्यांच्या खोलीची किल्ली पेणच्या खिळ्याला लागते आणि मग एकेक फोनासरशी पुढे सरकते. हातखंबा आलं की किल्ली हातात घेऊन ते गेटात जाऊन उभे. एक साहेब चिपळूणनंतर फोन करायचे विसरले. दारात येऊन उभे राहिले, तर भाऊजी त्यांना खोली देईनात. ‘‘किल्ली अजून चिपळूणला आहे,’’ म्हणाले.

शिवाय गाऱ्हाणं. आमच्याकडे काही नवं करायचं झालं की देवापुढे उभं राहून मोठ्यानं मागणं घालतात. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. लोक लग्नाला घालतात, विहिरीला घालतात. आमचे भाऊजी पर्यटकांना घालतात. अंगणाच्या कोपऱ्यात राखणदाराचा दगड आहे, त्याच्यापुढे नारळ ठेवून सुरू होतात. ‘‘बा देवा महाराजा, आज मुंबईहून चार माणसं पांढऱ्या गाडीतून तुझ्या हद्दीत यायला निघालीत. वाटेत आडवं येईल ते बाजूला कर, चालवणाऱ्याचे डोळे उघडे ठेव आणि मागच्या सीटवरच्या पोराला उलटी होऊ देऊ नको रे महाराजा.’’ मी म्हणते, ‘‘व्हय महाराजा.’’ मग ते शेवटचं काहीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, त्यातलं फक्त ‘महाराजा’ माझ्या कानावर येतं. मी तेवढ्यावर व्हय म्हणून टाकते. माझं लक्ष तव्यावरच्या बांगड्यांवर असतं.

या सगळ्याची मी आयुष्यभर टवाळी केली. भित्रा दीर म्हणून माहेरी नकला करून दाखवल्या. आता त्यामागची गोष्ट सांगते, म्हणजे टवाळी कुणाची व्हायला हवी होती ते तुम्हीच ठरवा.

लग्नाला वर्ष झालं होतं. आम्ही मुंबईत राहायचो आणि मी पहिल्यांदाच एकटी सासरी येणार होते. तेव्हा आमचं घर रत्नागिरी शहरात होतं, बंदरापासून चालत पाव तासावर. एकोणीस वर्षांच्या भाऊजींनी मला कार्ड लिहिलं. एसटी अशी, बोट अशी, दोन्हींचे गुणदोष आखून लिहिले आणि खाली लिहिलं, बोटीनं या, मी पडाव घेऊन बोटीपाशी येतो. बोट खोल पाण्यात थांबायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला आणायचे. मी ऐटीत उलट कार्ड टाकलं, की येते, हिरवं पातळ नेसून येते, ओळखून काढा.

काय ती ऐट! कुणाला न घाबरणारी म्हणून मी चाळीत प्रसिद्ध होते. धक्क्यावर गेले. बोटीत चढायची फळी बघितली, फळीखालचं हलणारं काळं पाणी बघितलं, आणि हातातली ट्रंक घेऊन जी वळले ती थेट एसटी स्टँडवर. पुढे सगळ्यांना सांगितलं, की दिराची गंमत करायची म्हणून मुद्दामच एसटीनं आले. पन्नास वर्षं तेच सांगत आले. खरं कारण आज पहिल्यांदा लिहिते आहे.

बोटीच्या तासभर आधी मी घरी पोचले. सासूबाई म्हणाल्या, अगो, बापू बंदरावर गेलाय तुला आणायला, कुणाला तरी निरोपाला पाठवूया. मी म्हटलं, राहू दे हो, भूक लागली की येतील. आणि जेवायला बसले. खूप उशिरानं भाऊजी आले. दारातूनच म्हणाले, ‘‘आई, बोट आली. वहिनी उतरल्या नाहीत.’’

मी आतून विचारलं, ‘‘भाऊजी, सोलकढी घेणार का?’’

ते तिथंच पायरीवर बसले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आम्ही सगळे पोट धरून हसलो. त्यात सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं, ते सांगायला नको.

पंच्याहत्तरी आली म्हणून खोडी जाते असं नाही. गेल्या थंडीत माझ्या नातीचा, सईचा फोन आला. चोवीस वर्षांची, मुंबईत नोकरी करते. म्हणाली, आजी, मी मैत्रिणीची मोटरसायकल घेऊन येतेय, एकटीच. पण बापूआजोबांना रेल्वे सांग, नाहीतर ते मला उंबऱ्याबाहेर पडू देणार नाहीत. मी लगेच कबूल झाले. मला फार मजा वाटली.

त्या दिवशी सकाळी भाऊजींनी रेल्वेचं गाऱ्हाणं घातलं. रूळ, सिग्नल, करबुड्याचा बोगदा, इंजिन चालवणाऱ्याची झोप, सगळं देवाच्या कानावर घातलं. मी पदराआड हसत व्हय म्हणत होते. सई वाटेतून फोन करत होती आणि रेल्वेत बसल्यासारखी बोलत होती. ‘‘चिपळूण आलं, आजोबा.’’ भाऊजींनी पहिल्या खोलीची किल्ली चिपळूणच्या खिळ्याला लावली आणि रिक्षा करून रत्नागिरी स्टेशनवर तिला घ्यायला गेले. मागोमाग मला तिचा चोरून फोन. चहा घेतला, आता निघते, दीड तासात गेटात.

दीड तास झाला. दोन झाले. फोन लावला तर ती बाई सांगू लागली, की आपण ज्यांना फोन करत आहात ते संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहेत. मी परत लावला. परत तीच बाई. मासे तळायला घेतले आणि तळायचे राहिले. रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला की गेटात जायचं आणि दुसऱ्याच कुणाला तरी बघून आत यायचं. मग मला घाटांची वळणं ऐकू यायला लागली, भाऊजींच्या आवाजात, एकेक करून, खालच्या दरीसकट. पन्नास वर्षं ज्या आवाजाची नक्कल केली, तोच माझ्या डोक्यात बसून बोलत होता.

आणि मग एक विचार आला. गाऱ्हाणं रेल्वेचं घातलंय. देव रेल्वेबरोबर आहे. माझी पोर मोटरसायकलवर आहे आणि तिच्याबरोबर कुणीच नाही.

हसू नका. तेव्हा मला हे अगदी खरं वाटलं होतं.

फोन वाजला. भाऊजी होते. मागे स्टेशनचा गलका.

‘‘वहिनी,’’ ते म्हणाले, ‘‘गाडी आली. पोर उतरली नाही.’’

त्यांचा आवाज एकोणीस वर्षांचा झाला होता. या वेळी सोलकढी विचारायची माझी छाती झाली नाही. मी सगळं सांगून टाकलं. ती रेल्वेत नाहीच, मोटरसायकलवर आहे, मला माहीत होतं, आणि आता तिचा फोन लागत नाही. मला वाटलं, भाऊजी आता फोन ठेवतील.

‘‘रंग कुठला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘लाल.’’

‘‘कान द्या.’’ आणि त्यांनी फलाटावर उभ्या उभ्याच गाऱ्हाणं सुरू केलं. गलक्यात ऐकू यावं म्हणून ओरडून. ‘‘बा देवा महाराजा, आमची सई लाल मोटरसायकलीनं चिपळूणहून निघालीय, तिला सांभाळून घरी आण रे महाराजा!’’ मी तोंड उघडायच्या आत तिकडून पाच-पंचवीस आवाज आले, ‘‘व्हय महाराजा!’’ बॅगा घेऊन उतरलेले चाकरमानी, रिक्षावाले, कोण कोण. गाऱ्हाणं ऐकून गप्प राहणारं माणूस आमच्याकडे जन्माला यायचंय.

मग शेवटची ओळ आली. रोज पुटपुटायचे ती. आज ओरडायला लागली, म्हणून मला पहिल्यांदा नीट ऐकू आली.

‘‘आणि कुणी वाट बदलली असेल, सांगायचं राहिलं असेल, तर त्याच्यावर रागावू नको. तो ज्या वाटेनं येईल त्या वाटेवर तू उभा राहा रे महाराजा!’’

फलाट म्हणाला, ‘‘व्हय महाराजा!’’ तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ही ओळ सकाळीसुद्धा झाली होती. रेल्वेच्या गाऱ्हाण्यात. आणि मीच व्हय म्हटलं होतं.

सई आली ती आणखी तासाभरानं. निवळीहून आत वळल्यावर चाक पंक्चर झालं, तिथं रेंज नाही, गाडी ढकलत गॅरेजपर्यंत न्यावी लागली. हसत हसत हेल्मेट काढलं आणि म्हणाली, आजी, कसली भूक लागलीय! मी तिला मारायला हात उचलला आणि गळ्यात पडून रडले.

ती आंघोळीला गेली तेव्हा भाऊजी रिक्षातून उतरले. अंगणातल्या लाल गाडीच्या टाकीवर त्यांनी हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग पडवीत येऊन चिपळूणच्या खिळ्यावरची किल्ली काढली, ती संगमेश्वरला लावली, हातखंब्याला लावली आणि मगच माझ्या हातात दिली. ‘‘पोरीला द्या,’’ म्हणाले.

मी विचारलं, ती शेवटची ओळ कधीपासून?

‘‘बोट आली त्या दिवसापासून.’’ ते समुद्राकडे बघत होते. ‘‘पडाव बोटीला लावला तेव्हा वरचा एक जण म्हणाला, हिरव्या पातळातली एक बाई अलीकडच्या जयगड बंदरापर्यंत कठड्याशी उभी होती. मग दिसली नाही.’’

एवढी वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी असेल बिचारी, बोट लागली, मळमळलं म्हणून आत जाऊन पडली असेल. पण बोटीपासून किनाऱ्यापर्यंत आणि किनाऱ्यापासून घरापर्यंत ते ती बाई बरोबर घेऊन आले होते, आणि घरात मी जेवत होते.

‘‘तुम्ही सोलकढी विचारलीत ना,’’ भाऊजी म्हणाले, ‘‘तेव्हा मला वाटलं, भास होतोय.’’

मी आत जाऊन मासे तळायला घेतले. जेवताना त्यांच्या पानाशी सोलकढीची वाटी न विचारता ठेवली.

पाहुणे अजून येतात, किल्ल्या अजून खिळ्याखिळ्यानं सरकतात. फक्त गाऱ्हाण्याची वेळ झाली की आता मी तव्याखालचा गॅस बंद करूनच अंगणात जाते.