केशवमामांच्या गाडीचा परकर

आमच्या गल्लीतले केशवमामा वाऱ्याला शिव्या देतात. ऊन चालतं, पाऊस चालतो, शेजाऱ्याचं भुंकणारं कुत्रंही चालतं. वारा मात्र त्यांचा बांधावर भांडणारा भाऊबंद. "समोरून आला तर कळते तरी. ह्यो मागच्या चाकात घुसून घुमून राहिला!" असं म्हणत ते आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीला गोल फेरी मारतात.

मामांचं हिंगोलीत घरालाच लागून धान्याच्या कोठ्या बनवायचं दुकान आहे. हाताशी पत्रा असला की माणसाला काय सुचेल, सांगता येत नाही. मोबाइलवर कुठलीशी परदेशी गाडी पाहिली, तिची मागची चाकं झाकलेली होती. झालं! मामांनी कोठीचा पत्रा कापून आपल्याही गाडीची मागची चाकं झाकली. गल्लीने त्याला 'परकर' म्हणायला सुरुवात केली. मामांना त्याचं काही नाही. "परकर तर परकर. पन बराबर बसला पायजे," एवढाच त्यांचा हेका.

बराबर बसला का, हे बघायला त्यांनी साखरा गावच्या एका मेंढपाळाकडून लोकर आणली आणि तिचे बोटभर धागे गाडीच्या मागच्या अंगाला चिकटवले. मामा गाडी चालवणार, मी मोटारसायकल बाजूने घेऊन कोणता धागा सरळ राहतो, कोणता घुमत्या वाऱ्याने फडफडतो ते ओरडून सांगायचं. वाटेत एका म्हातारीने मला थांबवून विचारलं, "कोन्या देवाला सोडली बाप्पा ही गाडी?"

पहिल्या परकराची फजितीच झाली. डोंगरकडा गावी लेकीकडे निघालेल्या मामांनी गाडी शेतातल्या वाटेने घातली. आदल्या दिवशी पाऊस झालेला. काळी माती परकरात अशी ठासून बसली की चाकं फिरायचीच थांबली. मी मदतीला पोचलो तेव्हा मामा खुरप्याने चिखल काढत होते. "वाऱ्याचा सारा इचार केला," ते म्हणाले, "मातीला इचारायचं राहून गेलं."

रखमामामी त्या दिवशी एसटीने केव्हाच लेकीकडे पोचल्या होत्या. त्यांनी मामांच्या गाडीत बसणं सोडलंच होतं. गल्लीला वाटे, परकराची लाज. प्रत्येक दुरुस्तीनंतर मामा दार उघडून म्हणायचे, "आता बसून बघ की!" मामी नको म्हणायच्या, पिशवी उचलायच्या आणि स्टँडकडे निघायच्या. मामांचं तोंड एवढंसं व्हायचं.

शेवटी मी म्हणालो, "मामा, चार थेंब पेट्रोल वाचवायला एवढी तकलीफ काहून?"

मामांनी हातोडा खाली ठेवला. "पेट्रोलचं कोन म्हनलं? तुज्या मामीच्या कानाला ऐकायची मशीन लागली. गाडी पळाली की चाकापासली घरघर त्या मशीनीत घुसते. माझं बोलनं ऐकू येत न्हाई, डोस्कं मात्र दुखते. जलमभर तिच्या कानापाशी पत्रा ठोकला म्या. घरात नातवंडं, दुकानात ठणठण. आमी दोघं बोलत होतो ते गाडीतच."

मी त्यांना उगाच पाना शोधून दिला.

नवा परकर खालून मोकळा होता, माती पडून जाईल असा. आतून त्याला जुन्या घोंगडीचं अस्तर. मामींना लेकीची शपथ घालून गाडीत बसवलं. मी मागे बसलो. डोंगरकड्याच्या रस्त्याला लागलो, गाडीने वेग घेतला. मामी कानाशी हात धरून तयारीतच होत्या. मग त्यांनी तो हात हळूच मांडीवर ठेवला.

"ऐकू येऊन राहिलं का?" मामा सवयीने केवढ्यांदा तरी ओरडले.

"बोंबलता काहून? बहिरी हाय का मी?" मामी म्हणाल्या.

मामा हसले, मीही हसलो. मग रस्त्यावरची नजर न काढता मामा अगदी हळू आवाजात काहीतरी बोलले. माझे दोन्ही कान धडधाकट आहेत, पण मला एक अक्षर कळलं नाही. मामींना मात्र सगळं ऐकू आलं असावं. त्या तोंडाला पदर लावून किती तरी वेळ हसत होत्या.