साळवेकाका थांबत नाहीत

आमचे घरमालक साळवेकाका आंघोळीलाही गळ्यातलं कार्ड काढत नाहीत. त्यावर जाड मार्करनं लिहिलंय, 'मला मशीन लावू नये. डॉक्टरांनी हुशारी करू नये. साळवे, एसटी ड्रायव्हर (निवृत्त).' भाजीवाला असो की बँकेतली मुलगी, आधी हे वाचायचं, मग कामाचं बोलायचं.

मी गडचिरोलीकडची, सातवीतून शाळा सोडलेली. मी अन् नवरा खोली बघायला आलो त्याआधी चार घरांनी जात विचारून दार लावलं होतं. काकांनी फक्त कार्ड पुढं धरलं. मी घाबरत, अडखळत वाचलं.

"पास," ते म्हणाले. "सामान आणा."

काकांनी तीस वर्षं सोयगावची गाडी चालवली, अन् कुणासाठी मिनिटभर थांबले नाहीत. आमदाराचा मेव्हणा पळत येत होता तरी गिअर टाकला, हे ते लई अभिमानानं सांगतात. एकदा बायकोलाच स्टँडवर सोडून गेले. मरणाचंही तेच. "स्टॉप आला की उतरायचं. गाडी उभी अन् इंजिन चालू, हे आपल्याला जमत नाय."

त्यांची लेक शीला नाशिकला नर्स आहे. तिचं नेमकं उलटं. दर रविवारी फोन स्पीकरवर असतो, भांडण अख्ख्या गल्लीत ऐकू येतं.

"पप्पा, संपली म्हणून सोडलेली माणसं मी परत येताना बघितलीत. श्वास आहे तोवर माणूस आहे."

"तुझे पेशंट ठेव धरून. मला उतरू दे."

"मी नाय उतरू देणार."

"तू कोण, आरटीओ?"

मागच्या महिन्यात काकांना दोनदा चक्कर आली. शीलाताईंनी मला वेगळा फोन केला. "वहिनी, ते कार्ड कसंही करून गायब करा. तिथं तुमच्याशिवाय माझं कोण आहे?" ज्यानं आसरा दिला, त्याच्याच गळ्याला हात कसा लावू?

अन् आंघोळी करून करून कार्डाचं प्लास्टिक सुटलं. काकांनी ते माझ्याच हातात दिलं. "औरंगपुऱ्यातल्या लॅमिनेशनच्या दुकानातून नवं करून आण."

रिक्षात मी ठरवलं, हरवलं म्हणून सांगायचं. पण पाय दुकानातच गेले. दुकानदारानं प्लास्टिक कापलं, तर आतला कागद दुमडलेला निघाला. आतल्या बाजूला बारीक अक्षरं होती. मी बोट ठेवून वाचलं.

'शीला निघाली असेल तर ती पोचेस्तोवर मशीन चालू ठेवा. नाशिकहून पाच तास लागतात. येवल्यात गाडी चहाला थांबते, तेही धरा.'

खाली तिचा नंबर.

"दोन्ही बाजू दिसू देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"द्या," मी म्हटलं. शीलाताईंना एवढंच कळवलं, की कार्ड राहू द्या.

काकांनी नवं कार्ड उलटसुलट केलं.

"वाचलंस?"

"मला कुठं एवढं बारीक वाचता येतं, काका. सातवीवाली मी."

"उगाच पास केलं तुला," ते पुटपुटले, अन् बारीक अक्षरांची बाजू छातीकडं करून कार्ड गळ्यात घातलं.